मशीनच्या सुटीचा दिवस

सप्टेंबरात भिलाईचा पाऊस दारातूनच दोन शब्द बोलून जातो, आत येऊन बसत नाही. मागे ठेवतो तो नुसता उकाडा. गणपतीच्या मांडवांचे बांबू रस्त्याच्या कडेला पडलेलेच असतात, तोवर त्याच बांबूंवर दुसरे मांडव उभे राहतात, विश्वकर्म्याचे. गॅरेजपुढे, वेल्डिंगच्या दुकानापुढे, ट्रकच्या अड्ड्यावर. मग सतरा तारखेला अख्ख्या शहरातली यंत्रं आंघोळ करून, हळद-कुंकू लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून बसतात. क्रेन, लेथ, ऑटो, पाण्याचा पंप, कुणीही सुटत नाही. ग्रीसच्या वासात झेंडूचा वास मिसळतो. लोकांना तो वास आला की बुंदीचा प्रसाद आठवतो. मला एक लाल पुठ्ठा आठवतो.

परवा तो वास आला, आणि नेमका त्याच वेळी फोन वाजला. कोहक्याला राहणारी माझी मावसबहीण पल्लवी, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. "ताई, डिझाइन आणि सिम्युलेशनसाठी सिस्टम घ्यायची आहे. कोर किती पाहिजेत? मेमरी किती? कार्ड कोणतं? जल्दी बता ना, पप्पा उद्या नेहरू नगरला घेऊन जाऊन राहिले." पाठोपाठ तिने यादीच पाठवली. ती मी दोनदा वाचली. अहो, ही यादी माझीच होती! आठ-नऊ वर्षांपूर्वीची, हुडको कॉलनीच्या घरातल्या माझ्या वहीतली. तोच क्रम, तेच प्रश्न, आणि जो प्रश्न माझ्या यादीत नव्हता तो हिच्याही यादीत नव्हता.

त्या वर्षी मी कोचिंग क्लासमधली नोकरी सोडली होती. बारावीच्या पोरांना तेच ते घर्षण आणि तीच ती तिरपी फळी शिकवून मी विटले होते. डिझाइन शिकले होते मी, आणि शिकवत होते घर्षण. म्हटलं, बस झालं, आता स्वतःचं काम. आणि कामही मिळालं. इंडस्ट्रियल एरियातल्या एका छोट्या शेडचे मालक, सगळे त्यांना सेठजीच म्हणत, त्यांना एक बीम करायची होती. क्रेनच्या हुकाला अडकवून तिने जड सामान उचलायचं. तशी ही लांब लोखंडी दांडीच, वर दोन टोकांना दोन कान, त्या कानांत तारेचे दोर. ती वजन पेलेल की नाही ते मी कॉम्प्युटरवर तपासून द्यायचं. वेळेत दिलं तर पुढची सगळी कामं माझी, असं त्यांनी चहा पाजून सांगितलं होतं. नाही दिलं तर मी परत घर्षणाकडे. एवढं साधं होतं सगळं.

सिम्युलेशन म्हणजे काय ते सांगते, नाहीतर माझ्या आईसारखं तुम्हीही 'पोरगी कार्टून काढते' म्हणाल. लोखंडाची वस्तू कॉम्प्युटरात उभी करायची. तिचे हजारो, लाखो बारीक तुकडे पाडायचे. तिला कुठे धरलंय ते सांगायचं, वजन कुठे आहे ते सांगायचं. मग प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो ते यंत्र मोजत बसतं. ताण जास्त तिथे लाल रंग, कमी तिथे निळा. तुकडे जितके बारीक, तितकं यंत्र दमतं. म्हणून यंत्र दणकट पाहिजे. निदान माझी तशी पक्की समजूत होती.

मी बारा जणांना विचारलं. बारा जणांनी बारा उत्तरं दिली. कुणी म्हणालं कोर वाढव, कुणी म्हणालं कोर कमी पण वेगवान घे, कुणी म्हणालं मेमरीपुढे बाकी सगळं झूट. एका शहाण्याने तर रात्रंदिवस चालणारं यंत्र हवं असेल तर भिलाई सोड असं सुचवलं, धुळीमुळे. घरात मात्र चौतीस वर्षं स्टील प्लांटमध्ये क्रेनच्या मेंटेनन्सला घालवलेला माणूस पेपर वाचत बसला होता. त्यांना मी काही म्हणजे काहीच विचारलं नाही. बाबांना कॉम्प्युटरमधलं काय कळणार?

तरी ते माझ्याबरोबर नेहरू नगरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आलेच. पांढरा शर्ट, खिशाला पेन, जणू इन्स्पेक्शनला निघाले. दुकानात एक काचेची पेटी होती, आत लाल-निळे दिवे पळत होते. दुकानदार म्हणाला, "अंकल, ये देखिए, गेमिंग वाला है, सब चलेगा." बाबांनी दिव्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पेटीच्या मागे गेले, वाकले, आणि उलटा हात तिच्या पाठीवर ठेवला.

"बेअरिंग गरम आहे याचं."

"बाबा, कॉम्प्युटरला बेअरिंग नसतं," मी दातओठ खात म्हटलं. दुकानात दोन मुली उभ्या होत्या, त्या हसत होत्या.

"पंखा फिरते न?"

"फिरतो."

"मंग बेअरिंग आहे." आणि दुकानदाराकडे वळून, "हवा किधर से घुसती है? और धूल?"

दुकानदार पेटी फिरवून भोकं शोधायला लागला. त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. माझ्याच मेलीच्या नशिबात हे वडील, असं मला तेव्हा वाटलं, आणि आज ते लिहिताना तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

मग बाबांनी मला बाजूला घेतलं. "मोटर घेतानी आधी लोड पाह्यतात बाई. लोडवरून मोटर ठरते. तुझा लोड काय आहे?"

"बाबा, जितकं मोठं घेऊ तितकं चांगलं."

त्यांनी चष्मा काढला. "असं कोनी मशीन घेते का वं?"

मी तसंच घेतलं, तीच दिव्यांची पेटी. सगळं बळ मेमरीत आणि कार्डात ओतलं. उरल्या पैशांत फाइली साठवायची डिस्क छोटी आली. असू दे, म्हटलं, डिस्कने काय होतं? घरी आल्यावर बाबांनी आईच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा कापून हवा शिरते त्या जाळीवर बसवला आणि दर रविवारी तो धुऊन वाळत घालायला लागले. मी शरमेने पाहुण्यांना त्या खोलीत नेत नसे.

आता माझी अक्कल ऐका. यंत्रात एवढी मेमरी आहे म्हणून मी बीमचे तुकडे पाडले ते अगदी रव्यासारखे. साध्या वजनावर भागेना म्हणून क्रेन झटक्यात थांबली तर काय, तेही मोजायला लावलं. यंत्र म्हणालं, बहात्तर तास लागतील. मला आनंदच झाला. बहात्तर तास म्हणजे केवढं मोठं काम! मध्येच बंद पडलं तर तिथूनच पुढे सुरू करता यावं म्हणून एक जादा फाइल ठेवायची सोय असते, पण तिला डिस्कवर जागा पुरेना. ती सोय मी बंद केली. कोण बंद करणार होतं? वीज गेली तर यूपीएस होता. घरात लहान मूलही नव्हतं.

तीन दिवस ती खोली घोंघावत होती. बाहेर रिपरिप, आत पंख्यांचा एकसुरी आवाज. मी स्वयंपाकघरात असले तरी कान तिकडेच. आकडा वाढायचा, पन्नास टक्के, साठ, ऐंशी. चौथ्या दिवशी सकाळी पाच टक्के उरले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेठजींना निकाल द्यायचा होता. म्हणजे अजून एक अख्खा दिवस हातात. मी गाणं गुणगुणत आंघोळीला गेले.

बाहेर आले तर घर शांत.

ती शांतता मला अजून आठवते. नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. मी ओल्या केसांनी खोलीत धावले. यंत्राला ओल्या फडक्याने पुसलं होतं. त्यावर हळद-कुंकवाची पाच बोटं, गळ्यात झेंडूची माळ, पुढे नारळ आणि उदबत्ती. यूपीएसचा प्लग काढून नीट गुंडाळून ठेवलेला. आणि बटणावर दोऱ्याने बांधलेला एक लाल पुठ्ठा, त्यावर बाबांच्या ठळक अक्षरात 'काम चालू है, स्विच न लगाएँ', खाली तारीख, वेळ, सही. बाबा नवं धोतर नेसून शेजारी उभे, तोंडभर हसत.

"आज विश्वकर्मा पूजा आहे न. भट्टी थांबत नाही, तिचं अलग आहे. पन आमच्या वर्कशॉपात आजच्या दिवशी पाना सुद्धा उचलत नव्हते कोनी. बिचारं तीन दिवसांपासून पळून राहिलं होतं. म्हटलं, याले बी सुटी."

माझ्या तोंडून नको ते फुटलं. "तुम्हाला काय कळतं? काय कळतं तुम्हाला? आयुष्यभर नट आवळले तुम्ही, नट!"

आईच्या हातातलं ताट वाजलं. बाबांचं हसू हळूहळू गेलं. ते म्हणाले, "हाव. नटच आवळले," आणि खाली बसून नारळाच्या शेंड्या काढायला लागले.

मी बटणाकडे झेपावले. "आता पहिल्यापासून तरी लावू द्या!"

"टॅग कोनी लावला?" नारळावरून नजर न उचलता त्यांनी विचारलं.

मी थांबले. प्लांटवाल्यांच्या घरातली पोर मी, मला ते माहीत होतं. माणूस यंत्राच्या पोटात शिरून काम करत असतो तेव्हा बटणावर त्याचा टॅग असतो. ज्याने लावला त्यानेच काढायचा. साहेब येवो नाहीतर साहेबाचा बाप येवो, दुसऱ्याने हात लावायचा नाही, कारण आत कोण आहे ते फक्त लावणाऱ्याला ठाऊक. या यंत्राच्या पोटात कुणीसुद्धा नव्हतं. तरी माझा उचललेला हात खाली येईना.

"मी लावला, मी काढीन. उद्या सकाळी."

जुन्या लॅपटॉपकडे वळले तर त्यालाही कुंकू. मिक्सरलाही. आई पाट्यावर चटणी वाटत होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती. रागाने रडायचं असतं तेव्हा माणसाला जागा लागते. हुडकोच्या त्या घरात जागा कुठली? मी गच्चीवर जाऊन रडले. खाली रस्त्यावरून माळा घातलेले ट्रक हॉर्न वाजवत चालले होते, गुलाल उधळत होता, आणि माझा व्यवसाय सुरू होण्याआधीच बुडाला होता. बाबांनी मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. डिस्क छोटी मीच घेतली होती. ती सोय मीच बंद केली होती. ती पूजा दर वर्षी होते हेही, भिलाईत जन्मून, मीच विसरले होते.

दुपारी जेवणं झाली. काम नाही, यंत्र नाही, करायला काही नाही. असा रिकामा दिवस मला कितीतरी महिन्यांत मिळाला नव्हता. बाबा ओट्यावर बसले होते. मी जाऊन शेजारी बसले. "चुकलं माझं," म्हटलं. त्यांनी बुंदीचा द्रोण माझ्याकडे सरकवला, बस.

मग म्हणाले, "काय मोजत होती तू तीन दिवस? मले दाखव तरी. पेन्सिल चालते आज."

मी वहीत बीम काढली. मध्ये वजन काढलं. वर दोन कान काढले आणि अभिमानाने सांगितलं की दोन्ही कान मी पक्के केले आहेत, यंत्राला सांगून टाकलं आहे की हे जराही हलत नाहीत.

बाबांनी त्या दोन कानांवर बोट ठेवलं. "कावून नाही हलत?"

"म्हणजे? धरलेत ना ते."

"कोनी धरले?"

"दोरांनी."

त्यांनी माझी प्लास्टिकची फूटपट्टी मागितली. दोन्ही टोकं दोन मुठीत घट्ट आवळली. "आता मधात दाब." मी बोटाने दाबलं. पट्टी जेमतेम वाकली. मग त्यांनी यंत्राच्या माळेचा उरलेला दोरा घेतला, पट्टीच्या दोन टोकांना बांधला आणि पट्टी हवेत टांगली. "आता दाब." मी तितक्याच जोराने दाबलं. पट्टी धनुष्यासारखी वाकली आणि दोरे आत सरकले.

"तू हे कान भितीत गाडले बाई," बाबा म्हणाले. "हे भितीत नाही राहत. हवेत राह्यते हे. दोरानं ओढते, दोरानं दाबते, सारं हलते."

माय वं! पहिल्या वर्षाचा धडा हा. धरलेली पट्टी आणि टांगलेली पट्टी. मी पोरांना शिकवू शकले असते! मी यंत्राला खोटं सांगितलं होतं, आणि यंत्राने इमानदारीने ते खोटं रव्याएवढ्या तुकड्यांत तीन दिवस मोजलं होतं. खरा ताण जवळपास दुप्पट निघणार होता. ते उरलेले पाच टक्के पूर्ण झाले असते तर पडद्यावर छान निळी बीम आली असती, आणि मी ती सही करून सेठजींना दिली असती. त्याच संध्याकाळी दिली असती, एक दिवस आधी, शाबासकी मिळावी म्हणून.

"बाबा," मी म्हणाले, "तुम्ही बंद केलं नसतं तर?"

"मले कुठं माहीत होतं? मी तर पूजा केली." मग पेन्सिलने बीमच्या खालच्या कोऱ्या जागेवर टकटक केलं. "इथं कोन उभं राह्यते?"

खरं सांगायचं तर तिथे कुणी उभं राहतं हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी टॅग काढला, त्याच्या मागे वेळ लिहिली, सही केली. मी कान मोकळे केले, दोर खरेखुरे बांधले, आणि तुकडे मोठे घेतले, जिथे गरज तिथेच बारीक. यंत्राने निकाल किती वेळात दिला? माझा चहा संपायच्या आत. बीमच्या मधोमध लाल पट्टा, म्हणजे ही जाडी पुरणार नव्हती. मग मला कसलीशी खोड आली आणि तेच गणित मी जुन्या, कळकट लॅपटॉपवर लावलं. जेवण होईपर्यंत त्यानेही तोच लाल पट्टा काढून दाखवला. मी त्या दिव्यांच्या पेटीकडे पाहत बसले. बारा जणांना विचारून, सगळं पणाला लावून मी हे काय घेतलं होतं? लोड माहीत नसताना मोटर!

सेठजींना फोन केला. ते आधी हसले, मग भडकले. "मैडम, प्लेट तो कट गई! आपने ही तो बोला था, यही मोटाई बैठ जाएगी." बोलले होते मी. खरंच होतं. मी म्हटलं, गलती मेरी है, पण या प्लेटची बीम करू नका. त्यांनी फोन आपटला. दोन दिवसांनी कुरकुरत जाड प्लेट घेतली. मला पुढे त्यांनी एकही काम दिलं नाही, आणि मी आणखी एक वर्ष कोचिंगमध्ये घर्षण शिकवलं.

बीम तयार झाली तेव्हा बाबा म्हणाले, "केलेलं पाह्याले जायचं असते." मला तोंड दाखवायची इच्छा नव्हती, तरी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. तोवर नवरात्राचे मांडव लागत होते, रस्त्याच्या कडेला कासाचं पांढरं गवत फुललं होतं. शेडमध्ये क्रेनच्या हुकावर पूजेचं कुंकू वाळून काळं पडलेलं. बीम उचलली गेली. तिच्याखाली वजन झुलायला लागलं. आणि एक बारीक माणूस, पायात रबरी चपला, त्या वजनावर तळहात ठेवून त्याच्याबरोबर चालायला लागला. गाईला हाकतात ना, तसा. अगदी बीमच्या खाली.

"बाजूला हो बे!" बाबा ओरडले.

तो हसला. "काका, रोज का काम है," म्हणाला आणि वीतभर सरकला. मला पाहून त्याने दुसऱ्या हाताने नमस्कारही केला. त्याच्या शर्टाच्या खिशात बिडीचं बंडल होतं, मनगटाला लाल धागा होता.

माझ्या पडद्यावर बीमच्या खाली पांढरं होतं. तीन दिवस मी त्या पांढऱ्याकडे पाहत बसले होते. मी तिथेच प्लेटांच्या थप्पीवर बसले. बाबांनी पाण्याची बाटली दिली. वजन खाली टेकलं. त्यांनी त्या माणसाकडे बोट केलं.

"याले मोजलं होतं का?"

मी मान हलवली. नाही.

तो लाल टॅग अजून माझ्या टेबलावर आहे, कोपरे फाटलेत. यंत्र बदललं, दोनदा बदललं. काम हळूहळू आलं, आता पोटापुरतं आहे. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, पण पंख्याचं बेअरिंग गेलं तर माझ्याआधी त्यांना कळतं. उलटा हात ठेवतात, बस.

परवा पल्लवीला मी परत फोन लावला. ती वाटच पाहत होती. "बोल ताई, लिहून घेते. कोर किती?"

"यादी ठेव बाजूला. तुझ्या पप्पांना सांग, दुकानात उद्या नाही जायचं. उद्या सकाळी तू माझ्याबरोबर एका शेडमध्ये चल."

"शेडमध्ये? कॉम्प्युटर घ्यायला?" ती हसायला लागली. "तिथं काय पाहायचं आहे?"

"खाली कोण उभं राहतं ते."